पाचवी शिट्टी

ज्या घरात मी तीन वर्षं भाड्यानं राहिले, त्या घरात डाळ पाच शिट्ट्यांवर बंद व्हायची. शिजली तरी पाच, नाही शिजली तरी पाच. पहिल्याच दिवशी वाटीच्या तळाशी तुरीचे दाणे अख्खेच्या अख्खे बसलेले बघून मी म्हटलं, "काकी, अजून दोन शिट्ट्या काढल्या असत्या तर?"

घरमालकीण काकींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण खेळायला मागितला. म्हणाल्या, "दोन शिट्ट्यांनी डाळ शिजेल गो बाय, पण मग मला कळणार काय?"

आता मी पडले कोल्हापूरची, तोंडाची फटकळ. म्हटलं, "आमच्याकडं डाळ शिजवतात ती खायला. काही कळून घ्यायला नव्हं."

"म्हणून तर तुमच्याकडे समुद्र नाही," काकी म्हणाल्या आणि माझ्या वाटीत आणखी एक पळी कच्चं वरण घातलं. कप्पाळ माझं!

काकींचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर फोन करून झापतील, आणि त्यांचं झापणं पाऊण तासाच्या आत संपत नाही. गाव डहाणूच्या उत्तरेला, समुद्राला लागून. घरामागे चिकूची वाडी, वाडीच्या पलीकडे सुरूची झाडं आणि सुरूच्या पलीकडे थेट पाणी. मी उधव्याच्या शाळेवर शिक्षिका. सकाळी एसटीनं तलासरी, तिथून टमटमनं उधवा, आणि संध्याकाळी उलटा प्रवास. इतक्या लांब खोली का घेतली, असं सगळे विचारायचे. समुद्र बघायची हौस होती, दुसरं काय! हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला कच्ची डाळ असते हे कुणी सांगितलं नव्हतं.

डाळीची भानगड मला हळूहळू उमगली. काकींच्या अंगणात एक दगडी गोल विहीर होती. समुद्र हाकेवर, तरी पाणी नावाजलेलं गोड. काकी सांगायच्या, "आमच्यात पूर्वी सोयरीक जमवायला मुलीकडचे यायचे ते मूठभर डाळ बांधून. घर बघायचे नाहीत, वाडी बघायचे नाहीत. आधी विहिरीचं पाणी काढून त्यात डाळ शिजत टाकायचे. शिजली तर पुढची बोलणी. नाही शिजली तर चहा पिऊन रामराम. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही ना! माझा बाप आला तेव्हा या विहिरीच्या पाण्यात डाळ अशी लोण्यासारखी झाली की तो मुलगा न बघताच हो म्हणाला."

"आणि मुलगा कसा निघाला?"

"ठीक होता. पण पाणी फार चांगलं होतं."

तर सासरी आल्यापासून दर शनिवारी काकी विहिरीची परीक्षा घ्यायच्या. एक वाटी तूरडाळ, तीन वाट्या पाणी, तोच कुकर, तीच शेगडी, आच मध्यम, शिट्ट्या पाच. मीठ नाही, हळद नाही, फोडणी नाही. झाकण पडलं की एक दाणा उचलायचा आणि बोटांत दाबायचा. "शिजली", "अर्धी" किंवा "गोटी", असा निकाल. गोटी निघाली की आठवडाभर घरात तो शब्द मोठ्यानं उच्चारायची सोय नसे. आणि शनिवारची डाळ बिघडली की रविवारपासून रोजच परीक्षा. माझी तीन वर्षं अशी परीक्षेच्या हंगामातच गेली. शाळेत मी मुलांची घ्यायची, घरी डाळ माझी घ्यायची.

दुसरी गोष्ट म्हणजे फाटक. काकींच्या फाटकाशी कुणी गाडी चालू ठेवून बोलायला लागला की काकी ठार बहिऱ्या व्हायच्या. समोरचा घसा फोडून ओरडतोय, सिलिंडर आणलाय, सिलिंडर! आणि काकी शांतपणे जास्वंदीची फुलं तोडतायत. शेवटी एकच वाक्य यायचं, "गाडी बंद कर, मग बोल." दूधवाल्यानं तर हाय खाल्ली होती. तो पन्नास पावलांवरूनच मोटरसायकल ढकलत आणायचा, तिन्ही कॅन लटकलेले, घामाघूम. पोटचा मुलगा सुरतेहून गाडी घेऊन आला तरी त्याला तोच न्याय. एकदा निवडणुकीची प्रचाराची रिक्षा फाटकासमोर थांबली, इंजिन धडधडतंय, वर भोंगा, आत खुद्द उमेदवार. काकी बाहेर गेल्या, हात पुढे करून चावी काढून घेतली आणि म्हणाल्या, "आता सांगा, कुणाला मत द्यायचं?" बिचारा उमेदवार स्वतःचं नाव विसरला.

कारण विचारलं की काकींचं गोधडी-पुराण सुरू व्हायचं. काकी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या, त्यात माझी भूगोलाची पुस्तकं रात्रीची उशाशी घ्यायच्या. "पृथ्वीला हवेची एक गोधडी आहे गो. देवानंच दिलीय. ती नसती तर गारठून मेलो असतो. पण आपण काय केलं? कोळसा जाळला, पेट्रोल जाळलं, त्या धुराचे ठिगळावर ठिगळ लावत बसलो. गोधडी झाली एवढी जाड! आत आलेली ऊब बाहेर जाईल कुठून? आणि ती सगळ्यात जास्त पितो कोण? हा!" असं म्हणून हात समुद्राकडे. "पितोय बिचारा मुकाट. तापतोय. आणि तापलं की फुगतं. वरून तिकडचा बर्फ वितळून येतोय तो वेगळाच. मग चढेल नाहीतर काय करेल?"

मी म्हटलं, "पाणी तापून फुगतं ते किती हो फुगत असेल? दिसत पण नसेल."

चूक झाली. काकींना अविश्वास खपत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोबरेल तेलाची बरणी अगदी काठोकाठ भरली आणि गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवली. दुपारपर्यंत तेल तापून फुगलं आणि निवांत ओघळायला लागलं. त्याच गच्चीवर, त्याच कठड्याखाली, मी सातवीच्या बत्तीस उत्तरपत्रिका तपासून ठेवल्या होत्या. काकी टाळ्या वाजवत खाली आल्या. "दिसलं का? दिसलं का?" दिसलं ना! मुख्याध्यापकांनाही दिसलं. म्हणाले, "मॅडम, पेपर तपासलेत की भजी तळलीत?"

आणि एकदा फ्रीजमधलं लिंबाचं लोणचं समजून मी जे तोंडात टाकलं ते कचकन दाताखाली आलं. शिंपले! लिंबाच्या रसात घालून ठेवलेले. समुद्र नुसती ऊब पीत नाही, धूरही पितो, त्यानं त्याचं पाणी आंबटाकडे झुकतं आणि शिंपल्यांना कवच घडवणं जड जातं, हे काकींना आळीतल्या बायकांना दाखवायचं होतं. मला म्हणाल्या, "बघ, पंधरा दिवसांत कवचं कशी पातळ झालीत." मी म्हटलं, "काकी, माझी दाढ बघा." पण एवढं सगळं होऊनही मला ती खोली सोडवत नव्हती. उधव्याहून दमून येऊन पडलं की वाडीच्या समुद्राकडच्या कोपऱ्यातून मोटरची घूं घूं ऐकू यायची. मी राहायला यायच्या आदल्याच उन्हाळ्यात काकींच्या मुलानं तिथे बोअर मारून दिली होती. उन्हाळे लांबले होते, चिकूचा फुलोरा गळत होता, म्हणून ठिबकला पाणी. त्या घूं घूंवर मला छान झोप लागायची.

आता माझ्या अब्रूचा पंचनामा सांगते. डाळ दिवसेंदिवस "गोटी" होत चालली होती. काकींना शंका आली की पाण्याचा दोष नसून डाळच खराब येत असेल. म्हणून त्यांनी माझ्या गळ्यात एक काम मारलं. उधव्याच्या शाळेच्या हातपंपाचं पाणी आणायचं, म्हणजे त्याच डाळीला डोंगराचं पाणी देऊन बघता येईल. आणि घरच्या विहिरीचं पाणी तिकडे न्यायचं, म्हणजे शाळेच्या खिचडीवाल्या बाईंच्या चुलीवरही निकाल लागेल. बाटल्या कुठल्या? तर सरबताच्या, काचेच्या, बुचाच्या. त्यावर चिठ्ठ्या, "डोंगर" आणि "घर".

संध्याकाळी मी टमटममधून परत येतेय. उधवा म्हणजे केंद्रशासित प्रदेशाच्या हद्दीचं गाव, पलीकडून स्वस्त दारू येते म्हणून नाक्यावर तपासणी. हवालदारानं माझी पिशवी उघडली. चार काचेच्या बाटल्या! त्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

"मॅडम, शिकलेल्या दिसता. हे काय?"

"पाणी."

"सगळे पाणीच म्हणतात."

टमटममधली अकरा माणसं माझ्याकडे बघतायत, त्यात दोघे माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप. हवालदारानं बूच काढून "डोंगर"चा वास घेतला. मग घोट घेतला. चेहरा पडला. दुसरी, तिसरी, तेच. आशेनं त्यानं चौथी तोंडाला लावली, ती होती "घर"ची उरलेली. आणि थू थू करत रस्त्याच्या कडेला थुंकला. "खारट आहे हे! समुद्राचं भरून आणलंय काय, बाई?"

मी हसत हसत घरी आले. म्हटलं काकी पोट धरून हसतील. हवालदाराची पूर्ण नक्कल करून दाखवली, थुंकण्यासकट. काकी हसल्या नाहीत. पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "आजवर फक्त डाळीला कळत होतं. आता माणसाच्या जिभेला कळायला लागलं." 

मग त्यांनी मला विहिरीवर नेलं. रहाटाच्या खांबाला लोखंडी आकडे होते, एकेका घराचा एकेक. उन्हाळ्यात नळ आटला की आळीतली चौदा घरं या विहिरीवर यायची आणि आपापला दोर आकड्याला ठेवून जायची. काकींच्या सासूनं मरताना सांगितलं होतं, या विहिरीवर कुणाला नाही म्हणायचं नाही. काकींनी कधी म्हटलं नव्हतं. पण आकड्यांवर आता नऊच दोर होते.

"सगळ्यात आधी रखमाचा गेला," काकी म्हणाल्या. "मी विचारलं तर म्हणाली, दोर कुजला काकी. मग शेवंतीचा कुजला. मग तिच्या जावेचा. एका उन्हाळ्यात पाच दोर कसे गो कुजतात?" बायका मैलभर लांबच्या बोअरवर रांगेत उभ्या राहायच्या, आणि काकींच्या फाटकावरून जाताना हंडा पदराखाली घ्यायच्या. एवढा मोठा हंडा, झाकणार कुठे! मला त्या दिवशी काकींची फार दया आली. चौदा दोर पुन्हा लागावेत एवढंच त्या बाईचं मागणं होतं.

गुन्हेगार काकींनी आधीच ठरवून ठेवला होता. किनाऱ्यानं थोडं पुढे, सुरूच्या झाडांना लागून एक नवीन हॉटेल झालं होतं, खोल्या, पोहायचा तलाव, सगळं. "तोच! जमिनीतलं गोड पाणी हा उपसतो. खालचं गोड पाणी कमी झालं की त्या जागी समुद्र सरकतो. आधीच समुद्र चढलाय, उंबऱ्यावर बसलाय, त्यात हा त्याला हात धरून घरात घेतोय!" दार, उंबरा, समुद्र सगळं हातवाऱ्यांनी. पुराव्याशिवाय बोलायचं नाही म्हणून काकींनी ग्रामसभेत अर्ज दिला. विषय: डाळ शिजवणे.

ती ग्रामसभा मी जन्मात विसरणार नाही. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पाच शेगड्या, पाच कुकर. एकात उधव्याचं पाणी, दुसऱ्यात हॉटेलला लागून असलेल्या विहिरीचं, मग मधल्या दोन विहिरींचं आणि शेवटी काकींच्या विहिरीचं. प्रत्येक कुकरवर शिट्ट्या मोजायला एकेक बाई नेमलेली. हॉटेलचा मॅनेजर, उत्तरेकडचा तरुण, पहिल्या रांगेत घाबरून बसलेला. सरपंच बोलायला उभे राहिले, "बंधू आणि भगिनींनो, आज आपण" आणि कुकर क्रमांक तीन, फुस्स! सरपंच थांबले. पुन्हा, "आज आपण या ठिकाणी" आणि क्रमांक एक आणि चार, दोन्ही एकदम! बायकांत भांडण, ही माझी की तुझी? काकी ग्रामसेवकाला म्हणाल्या, "लिहून घ्या." तो म्हणाला, "काकी, शिट्ट्या इतिवृत्तात कशा लिहू?" काकी म्हणाल्या, "मग भाषण तरी कशाला लिहिता? त्यातही हवाच असते." हॉल असा फुटला हसून की दोन शिट्ट्या कुणी मोजल्याच नाहीत आणि अख्खा प्रयोग पहिल्यापासून, नव्या डाळीनं. पण कुणी उठून गेलं नाही. तळपत्या दुपारी शंभर माणसं श्वास रोखून पंचवीस शिट्ट्या मोजत होती.

झाकणं पडली. काकी पदर खोचून पुढे झाल्या. उधव्याचं पाणी, डाळ शिजलेली. हॉटेलच्या शेजारची विहीर, दाणा दाबला, मऊ! काकींनी भुवया चढवल्या. मॅनेजरनं वाटीभर चाखली, "एकदम बढिया है," म्हणून आणखी मागून घेतली. आणि वर सांगितलं की हॉटेलची बोअर पहिल्याच वर्षी आटली, त्यांचं सगळं पाणी टँकरनं येतं. तिसरा कुकर, शिजलेली. चौथा, काकींच्या शेजारच्या वाडीचा, अर्धी. पाचवा. काकींनी स्वतःच्या विहिरीचा दाणा चिमटीत धरून दाबला. तो सटकला, उडाला आणि टणकन सरपंचांच्या पाण्याच्या ग्लासावर आपटला.

कुणी हसलं नाही. काकींनी दुसरा दाणा दाबला, तिसरा. मग पाचही कुकरांकडे एकदा बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हॉटेलपासून जसजसं काकींच्या घराकडे यावं तसतशी डाळ कच्ची. जिथून समुद्र आत येतो ती जागा त्यांच्याच वाडीत होती.

"माझ्याकडेच," काकी हळू आवाजात म्हणाल्या. "पण माझ्याकडे उपसतंय कोण?"

मागून रखमा उभी राहिली. सत्तरीची, आळीतली सगळ्यात म्हातारी बाई. "काकी, ती कोपऱ्यातली बोअर. तिकडच्या अंगाला. रात्रंदिस चालते ती."

 जिच्या घूं घूंवर मी जवळजवळ दोन वर्षं झोपले, ती!

"तुला ठाऊक होतं?" काकींनी विचारलं.

"सगळ्यांनाच ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस गो?"

रखमा म्हणाली, "तुमच्या सासूनं आमाला कधी नाय म्हटलं नाय. तुमी नाय म्हटलं नाय. तुमाला कसं बोलायचं? दोर काढून नेला गप."

मला वाटलं, संपलं. आता काकी रडतील, नाहीतर चिडतील. आणि काकी हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग पोट, मग पदर तोंडाला लावून अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी. "चोर सापडला गो! सगळ्या गावाच्या गाड्या बंद केल्या मी, आणि माझीच चालू!" मग उठल्या आणि चपला न घालताच निघाल्या. मागे रखमा, मागे आळीतल्या बायका, मागे सरपंच, ग्रामसेवक, मॅनेजर, डाळीच्या वाट्या हातात तशाच घेतलेली पोरं, अख्खी ग्रामसभा काकींच्या वाडीत. कोपऱ्यात मोटर आपली घूं घूं करत होती. काकींनी पेटीचं झाकण उघडून बटण दाबलं. एकदम एवढी शांतता झाली की लाटांचा आवाज आला. तोवर मला तिथून समुद्र कधी ऐकूच आला नव्हता.

काकी वळल्या आणि रखमाला म्हणाल्या, "हं. बंद केली. आता बोल."

पुढच्या रविवारी सुरतेहून मुलगा आला. गाडी बंद करून बोलला, पण चढ्या आवाजात. "आई, उन्हाळा पुढे आहे. समुद्राकडची सगळी झाडं वाळतील. तुझ्या हातची झाडं आहेत ती. एकटीच्या मोटरनं समुद्र चढला काय? जग जाळतंय ना कोळसा, तू कशाला भोगतेस?"

काकी म्हणाल्या, "समुद्र चढवला जगानं, ते खरं. आत बोलावला मी. आणि झाडं माझी आहेत रे, वाळली तर माझी वाळतील. विहीर माझी नाही." मुलानं जेवताना कच्ची डाळही मुकाट्यानं खाल्ली.

बोलायला सोपं होतं. त्या उन्हाळ्यात नऊ झाडं गेली. वाडी राखणारा बाबू बेडणी घेऊन, म्हणजे चिकू उतरवायचा तो जाळीचा लांब बांबू, त्या झाडांखालून नुसताच फिरून यायचा. काकी लग्न होऊन आल्या त्या वर्षी लावलेलं एक झाड होतं. ते वाळलं त्या दिवशी त्या त्याच्या बुंध्याला धरून रडल्या, मोकळ्यानं, माझ्यासमोर. मीही रडले. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चल, शनिवार आहे, कुकर लावायचाय." डाळ गोटी!

पावसाळ्याआधी आळीनं वाडीत खड्डे खणले, पाणी मुरायला. गच्चीचं पाणी पन्हळीनं विहिरीकडे वळवलं. हॉटेलच्या मॅनेजरनं चार माणसं दिली, स्वतः कुदळ घेतली आणि पहिल्याच घावात स्वतःच्या बुटावर मारली. पाऊस आला, गेला. शनिवारी डाळ अर्धी. उन्हाळ्यात पुन्हा गोटी. आकड्यांवर आता सहाच दोर होते. मी एकदा घाबरत म्हटलं, "काकी, नाहीच गोड झालं तर?" काकी म्हणाल्या, "समुद्राला उठवून लावायची ताकद माझ्यात नाही गो. तो आणखी चढणार आहे, तुझ्या पुस्तकातच लिहिलंय. पण निदान मी त्याला हाक मारत नाही."

त्या उन्हाळ्याच्या शेवटी, जूनमध्ये, माझी बदली झाली सायवनला. डहाणू तालुक्यातच, पण पार आत, डोंगरात. निघताना काकींनी माझ्या हातावर एक पुरचुंडी ठेवली. तूरडाळ! "स्थळ आलं की आधी विहीर बघायची. मुलगा मागाहून." मी पाया पडले आणि एसटीत बसून भोकाड पसरलं. कंडक्टरनं तिकीट न मागता आधी रुमाल दिला.

तेव्हापासून शनिवारी दुपारी सव्वाबाराला माझा फोन वाजायचा. उचलला की "हॅलो" नाही, काही नाही. काकी फोन कुकरशेजारी ठेवायच्या. सायवनच्या शाळेच्या व्हरांड्यात मी फोन कानाला लावून बसायची आणि मोजायची. एक. दोन. बाजूच्या मॅडम विचारायच्या, "कुणाचा फोन?" मी बोट ओठांवर ठेवून म्हणायची, "कुकरचा." पाचवी झाली की झाकण पडेपर्यंत वाट बघायची, आणि मग काकींचा आवाज, "गोटी." फोन बंद. आम्ही दुसरं काही बोलायचोच नाही. पावसाळ्यात "गोटी"ची "अर्धी" झाली. दिवाळीनंतर "अर्धी"च. मला वाटायचं, पुरे करा काकी, जिवाला घोर लावलाय. पण शनिवारी बारा वाजले की मीच व्हरांड्यात जाऊन बसायची.

मागच्या शनिवारी फोन आला. या वेळी कुकरच्या मागे गलका होता, बायकांचा. एक शिट्टी. दोन. तीन. कुणीतरी म्हणालं "गप गो!" आणि गलका थांबला. चार. मग पाचवी अशी लांबत गेली की माझा जीव टांगणीला. वाफ निवली. झाकण पडल्याचा आवाज आला.  दाणा दाबला असेल. मग कुणीतरी पळीनं वाढलं, आणि मला चक्क भुरका ऐकू आला. काकी डाळ खात होत्या. निकाल न देता आधी डाळ खाताना मी त्या बाईला कधी बघितलं नव्हतं.

"काकी? काकी, बोला ना!"

"अळणी," काकी म्हणाल्या.

"काय?"

"अळणी लागते गो बाय! मिठाचा कण नाही डाळीत! काही म्हणजे काही चव नाही!" आणि त्या ओरडत सुटल्या, तिकडे आळीतल्या बायका ओरडायला लागल्या, आणि इकडे सायवनच्या व्हरांड्यात मी "अळणी! अळणी!" करून नाचतेय, माझे सातवीचे विद्यार्थी खिडकीतून बघतायत. त्या गोंधळात रखमाचा आवाज आला, अगदी फोनजवळ. ती कुणाला तरी सांगत होती, "माझा दोर आण, घरी आढ्याला टांगलाय. कुजलाबिजला नाय काय तो."

आणि मागून काकी, "अगो, कुणीतरी मीठ टाका गो यात!"